जुन्या डिझेल इंजिनाची शक्तिवाढ

उसाच्या हंगामात सातारा व सांगली जिल्ह्यांत जुन्या ट्रकांवर मोठा भार पडतो. अशा इंजिनास टर्बोचार्जर जोडल्यास सिलिंडरात अधिक हवा जाते व अधिक इंधन जाळता येते. परंतु दाब आणि उष्णताही वाढतात. झिजलेल्या पिस्टन रिंगा व लायनर तो ताण सोसत नाहीत. खंबाटकीसारख्या चढणीवर हेड गॅस्केट जळण्याचा संभव असतो. म्हणून प्रथम कॉम्प्रेशन तपासावे, नंतर नोझल व रेडिएटर दुरुस्त करावेत. गमावलेली शक्ती बहुधा तेवढ्यानेच परत मिळते. नुसते इंधन वाढविल्यास काळा धूर निघतो. तो शक्तीचा नव्हे, अपव्ययाचा पुरावा होय. मोटार वाहन अधिनियम, १९८८, कलम ५२ चे बंधन लक्षात घेऊन मोठ्या फेरफारापूर्वी परिवहन कार्यालयाचा सल्ला घ्यावा.