नुसतं 'मस्त' म्हणू नका!

मी कॉन्व्हेंटवाला, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. फोटोतल्या मात्र घालू नका!

हरिश्चंद्रगडावरून आल्यावर कोकणकड्याचे फोटो रूमवर सगळ्यांना दाखवले. सगळे म्हणाले, "मस्त!" एका सीनियरने मात्र विचारलं, "किती वाजता काढलास? आकाश कुठाय?" राग आला. पण खरंच, आकाश पांढरंफटक होतं.

कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी नऊला तो सावलीत, आकाश लख्ख. डोळा दोन्ही सांभाळतो, कॅमेऱ्याला ते एकदम झेपत नाही. एक्सपोजर एक स्टॉप वाढवलं की प्रकाश दुप्पट! काळोखी दरी नंतर थोडीफार उजळता येते, पण पार पांढरं झालेलं आकाश परत येत नाही. म्हणून एक्सपोजर आकाशाचं धरावं, नाहीतर संध्याकाळपर्यंत थांबावं. तेव्हा ऊन थेट कड्यावर येतं.

तेव्हापासून कुणाचाही फोटो बघताना तीन प्रश्न विचारतो. उजेड कुठून येतोय? नजर आधी कुठे जाते? क्षितिज सरळ आहे का?

परवा त्याच सीनियरच्या फोटोत क्षितिज कललेलं निघालं. मी 'मस्त' म्हणालो नाही. त्याने चहा पाजला.