मुलाखतीतील ‘मी’ : रोजच्या कामाची भाषिक मांडणी

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपणांस :
१. रोजच्या कामातील कौशल्ये ओळखता येतील.
२. काम करणाऱ्याला झाकून टाकणाऱ्या वाक्यरचना लक्षात येतील.
३. स्वतःचा अनुभव नेमक्या व खऱ्या शब्दांत मांडता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी बहुधा संसार आणि रोजगार सांभाळून शिकत असतो. तरीही मुलाखतीत ‘अनुभव काय?’ असे विचारले की ‘तसा काही नाही’ हे उत्तर सहज तोंडी येते. वर्षानुवर्षांचे कष्ट त्या एका वाक्यात पुसले जातात. यामागे संकोच असतो, तसा भाषेच्या सवयींचाही वाटा असतो. सवय ओळखली की ती बदलता येते.

विषय-विवेचन

१. झाकलेला कर्ता

सिडकोने वसवलेल्या कोपरखैरण्यात, वाशी-तुर्भे येथील कृषी उत्पन्न बाजार समितीत काम करणाऱ्या माथाडी कामगारांची मोठी वस्ती आहे. शेजारीच ठाणे-बेलापूर पट्ट्यातील औद्योगिक वसाहत आहे. या वस्तीतील एक विद्यार्थिनी तेथील एका कंपनीच्या उपाहारगृहात पर्यवेक्षक पदाच्या मुलाखतीस गेली आहे, असे समजा. ती म्हणते :

‘मी घरीच असते. थोडेफार डबे करते. हिशेबही बघावा लागतो. मागे दर वाढले तेव्हा कसेबसे निभावले.’

या उत्तरात तीन गोष्टी घडल्या आहेत. ‘घरीच’मधील ‘च’ आणि ‘थोडेफार’ हे शब्द कामाचे मोल कमी करतात. ‘बघावा लागतो’ या रचनेत ‘मला’ अध्याहृत आहे. त्यामुळे कौशल्याचे काम माथी आलेल्या सक्तीसारखे भासते. तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. ‘करते’ या रूपावरून बोलणारी स्त्री आहे हे तरी कळते. ‘निभावले’ या रूपावरून मात्र काहीच कळत नाही. भूतकाळातील कर्मणी व भावे प्रयोगांत क्रियापद कर्त्याप्रमाणे चालत नाही. ‘हिशेब ठेवला’ हे रूप मी, तिने वा आम्ही कोणीही ठेवला तरी तेच राहते. म्हणून अशा वाक्यातून ‘मी’ गळला की काम शिल्लक राहते आणि काम करणारी व्यक्ती नाहीशी होते.

२. कर्ता, कृती, मोजमाप, परिणाम

आता तेच उत्तर असे मांडू :

‘सहा वर्षे मी रोज तीस डबे पुरवते. बाजारहाट, उधारी आणि जमाखर्च मी स्वतः पाहते. कांद्याचे दर वाढले तेव्हा मी आठवड्याचा बेत बदलला; डब्याची किंमत वाढवावी लागली नाही.’

येथे एकही गोष्ट फुगवलेली नाही. कर्ता समोर आला, क्रियापद नेमके झाले, आकडा आला आणि कृतीचा परिणाम दिसला. ‘मी मेहनती आहे, नियोजनकुशल आहे’ ही विशेषणे कोणीही उच्चारू शकतो. प्रसंग मात्र ज्याने निभावला तोच तपशिलाने सांगू शकतो. पुढचा प्रश्न त्या तपशिलावरच येतो आणि त्याचे उत्तर तिच्यापाशी असते.

३. ‘आम्ही’ केव्हा म्हणावे?

प्रत्येक ‘आम्ही’च्या जागी ‘मी’ घालणे योग्य नव्हे. माथाडी कामगार टोळीने काम करतात. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीचे आणि १९६९ च्या माथाडी कायद्याचे बळ या ‘आम्ही’तूनच आले. गोदामातील पदासाठी मुलाखत देणाऱ्या माथाडी विद्यार्थ्याने टोळीचे श्रम स्वतःच्या नावावर सांगितले, तर ते असत्य ठरेल. त्याने असे म्हणावे : ‘आमची टोळी कांदा-बटाटा बाजारात माल उतरवते. गोण्यांची मोजणी आणि नोंद माझ्याकडे असते. नोंदीत तफावत आली तर व्यापाऱ्याशी मी बोलतो.’ ‘आम्ही’ने सहकार्य दिसते, ‘मी’ने जबाबदारी दिसते. दोन्ही सर्वनामे आपापल्या जागी खरी असली पाहिजेत.

अनुभवाला प्रमाणपत्राचीही जोड देता येते. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, आधीच अंगी असलेल्या कौशल्याचे मूल्यमापन करून प्रमाणपत्र देण्याची सोय करण्यात आली.

सारांश

अनुभव म्हणजे केवळ नेमणूकपत्रावरची वर्षे नव्हेत. पार पाडलेली जबाबदारी हाही अनुभवच आहे. काम लहान करणारे शब्द टाळावेत, कर्ता गाळू नये, मोजमाप व परिणाम सांगावा, आणि सामूहिक कामातील आपला वाटा प्रामाणिकपणे वेगळा करावा. नम्रता आवाजात असावी. वस्तुस्थिती कमी करून सांगणे म्हणजे नम्रता नव्हे.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. आपल्या कालच्या दिवसातील पाच कामे लिहा. प्रत्येक वाक्यात कर्ता स्पष्ट आहे का, ते तपासा.
२. ‘दुकानात नुसता बसतो, गल्ला बघावा लागतो’ हे विधान मुलाखतीसाठी पुन्हा लिहा. आवश्यक तपशील स्वतः कल्पा.
३. आपण इतरांसोबत केलेल्या एका कामाचे वर्णन ‘आम्ही’ आणि ‘मी’ यांचा योग्य वापर करून सहा ओळींत लिहा.