पाय सरळ दिसतोय, मग दांडीचे बूट किती दिवस?



बालवाडीच्या प्रवेशाच्या दिवसांत कधीतरी एखादी आई मुलाला कडेवर घेऊन येते आणि जरा बाजूला होऊन विचारते, "बाई, ह्याचा पाय जन्मापासून वाकडा होता. प्लास्टर झालं, आता सरळ झालाय. रात्री दांडीचे बूट घालायला सांगितलेत, पण फार रडतो हो. आता बंद केले तर चालेल ना?"

प्रश्न खरा डॉक्टरांचा. पण डॉक्टर जिल्ह्याच्या गावी, तीन-चार महिन्यांनी भेटणारे. आपण रोज भेटणारे. म्हणून तो आधी आपल्याकडे येतो. आपण सहज म्हणून गेलो, "पाय तर छान दिसतोय, राहू द्या आता," तर ते बूट त्याच दिवशी माळ्यावर जातात. आपल्या एका वाक्याची एवढी किंमत असते. म्हणून याचं उत्तर आपल्याला माहीत असायला हवं.

थोडक्यात उत्तर असं: मूल साधारण चार ते पाच वर्षांचं होईपर्यंत बूट घालायचे, आणि बंद करायचे की नाही ते डॉक्टरांनी पाय तपासून ठरवायचं. पाय सरळ दिसतो, हे बूट बंद करण्याचं कारण होऊ शकत नाही. का, ते पाहू.

आधी आजार समजून घेऊ

याला क्लबफूट म्हणतात. पाऊल आत आणि खाली वळलेलं असतं, टाच वर ओढलेली असते. साधारण हजार बाळांमागे एकाला हा त्रास असतो. मुलींपेक्षा मुलांमध्ये दुपटीने जास्त. जवळजवळ निम्म्या बाळांचे दोन्ही पाय वळलेले असतात. ग्रहण पाळलं नाही, गरोदरपणी काही चिरलं म्हणून असं झालं, हे खोटं आहे. आईचा यात काहीही दोष नाही, हे आपण तिला स्पष्ट सांगायला हवं.

आज जगभर यावर पोन्सेटी पद्धतीने उपचार होतात. डॉ. इग्नासिओ पोन्सेटी (१९१४–२००९) यांनी अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात ही पद्धत विकसित केली. दर आठवड्याला पाऊल हलक्या हाताने थोडं थोडं वळवून प्लास्टर घालतात. बहुधा पाच-सहा प्लास्टरमध्ये पाऊल बरंचसं जागेवर येतं. मग बहुतेक बाळांच्या टाचेमागची जाड शीर एका छोट्या छेदाने मोकळी करतात आणि शेवटचं प्लास्टर तीन आठवडे ठेवतात. इथपर्यंतचं काम दोन-तीन महिन्यांचं. त्यापुढचं काम चार-पाच वर्षांचं, आणि ते दवाखान्यात होत नाही, घरी होतं.

ब्रेसचं काम काय?

दोन बूट आणि त्यांना जोडणारी एक दांडी, म्हणजे हा ब्रेस. आजारी पाऊल साधारण ६० ते ७० अंश बाहेर वळवून ठेवलेलं असतं, चांगलं पाऊल ३० ते ४० अंश. दांडीची लांबी बाळाच्या खांद्यांच्या रुंदीएवढी असते. पालक नेहमी विचारतात, "एकच पाय वाकडा होता, मग दोन्ही पायांना बूट कशाला?" कारण दुसऱ्या पायाचा आधार नसेल तर पहिल्या पायाचा कोन टिकतच नाही.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ब्रेस पाऊल सरळ *करत* नाही. प्लास्टरने सरळ झालेलं पाऊल तो सरळ *ठेवतो*.

सरळ झालेला पाय परत का वळतो?

प्लास्टरने पाऊल जागेवर आलं, तरी ज्या स्नायूंनी आणि शिरांनी ते ओढलं होतं त्यांची ओढ संपलेली नसते. पहिल्या काही वर्षांत पाऊल झपाट्याने वाढतं आणि त्याच काळात ही ओढही जोरात असते. वय वाढतं तशी ती कमी होत जाते. म्हणून पहिल्या वर्षी ब्रेस सोडण्यात सगळ्यात मोठा धोका. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीही तो बराच असतो. चौथ्या वर्षानंतर तो पुष्कळ कमी होतो, पण अगदी शून्य होत नाही.

वेलीला काठीचा आधार देतो, तसंच हे. वेल उभी दिसली म्हणून काठी लगेच काढत नाही. खोड स्वतः उभं राहण्याइतकं घट्ट झालं की मगच काढतो.

पोन्सेटी पद्धतीच्या डॉक्टरांचे आकडे बोलके आहेत. नियमित ब्रेस घालणाऱ्या १०० मुलांपैकी सुमारे ६ मुलांचा पाय परत वळला. ज्यांनी ब्रेस सोडला, त्यांच्यात हेच प्रमाण १०० पैकी ८० पेक्षा जास्त होतं. पाय परत वळला की पुन्हा प्लास्टर, आणि काही मुलांना मोठी शस्त्रक्रिया.

किती तास?

• पहिले तीन महिने: दिवसाचे २३ तास. उरलेला एक तास आंघोळ आणि मोकळ्या हालचालीसाठी.

• त्यानंतर चार-पाच वर्षांपर्यंत: फक्त झोपेत, रोज १२ ते १४ तास.

गणित करून पाहू. तीन वर्षांचं मूल रात्री साडेआठला झोपलं आणि सकाळी सातला उठलं, तर साडेदहा तास झाले. दुपारची दोन तासांची झोप धरली की साडेबारा. म्हणजे दुपारच्या झोपेला बूट टाळले, तर हिशेब कमी भरतो. जागेपणी मात्र मूल पूर्ण मोकळं. त्याने रांगायचं, चालायचं, पळायचं, पडायचंसुद्धा.

उपचार उशिरा सुरू झाले असतील किंवा मुलाला दुसराही काही आजार असेल, तर डॉक्टर वेगळा कालावधी सांगतील. तेव्हा त्यांचंच ऐकायचं.

घरात ब्रेस का सुटतो?

आजी म्हणते, "लेकराला बेड्या कशाला घालता?" बाळ पहिल्या दोन-तीन रात्री रडतं. मग एक रात्र सुटते, नंतर आठवडा सुटतो. त्यासाठी काही साध्या गोष्टी:

१. झोपेआधी दात घासणं, गोष्ट आणि बूट, असा रोज ठरलेला क्रम ठेवा. कधी घातले, कधी नाही, असं केलं की मूल जास्त रडतं.

२. सुरुवातीला दोन्ही पाय एकत्र वाकवायचे-सरळ करायचे, असा खेळ खेळा. बाळाला कळतं की पाय एकत्र हलवता येतात.

३. सुती मोजे घाला. फोड आले तर तेल, मलम लावून दाबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

४. बूट सारखा निसटत असेल तर मुलावर चिडू नका. टाच खाली बसत नाहीये, याची ती खूण असू शकते.

५. मध्ये खंड पडून बूट बसेनासा झाला, तर जबरदस्तीने कोंबू नका आणि लाजून दवाखाना टाळू नका. लवकर गेलं तर पुन्हा एक-दोन प्लास्टरवर काम भागू शकतं.

शाळेत आपण काय पाहायचं?

मुलाला खेळातून वगळू नका. शाळेच्या वेळेत त्याला ब्रेसची गरज नसते. फक्त नजर ठेवा: उकिडवं बसताना टाच जमिनीला टेकते का? पळताना पाऊल आत वळतं का? चप्पल बाहेरच्या कडेनेच झिजते का? यातलं काही दिसलं तर पालकांना त्याच आठवड्यात सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला आणि त्याच्या यादीत क्लबफूट आहे. या कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्या दिवशी हे मूल हजर राहील, एवढं बघा.

मग बंद केव्हा करायचे?

मूल चालायला लागलं, शाळेत जायला लागलं, बूट लहान झाले, पाहुण्यांनी विचारलं, यापैकी एकही कारण पुरेसं नाही. बूट लहान झाले तर मोठे घ्यायचे. वय चार-पाच झालं आणि डॉक्टर पाय तपासून "आता पुरे" म्हणाले, की मगच बंद. त्यानंतरही अधूनमधून तपासणी चालू ठेवायची.

तर पुढच्या वेळी एखाद्या आईने असं बाजूला येऊन विचारलं, तर तिला सांगा, "ताई, पाय सरळ दिसतोय तो या बुटांमुळेच. तुम्ही रोज रात्री जे करताय ना, त्यानेच तो सरळ राहिलाय. डॉक्टर सांगेपर्यंत सोडू नका." त्या थकलेल्या आईला हे कुणीतरी म्हणायला हवं असतं.