असीरगडाचा वेढा आणि पच्चीशीच्या कवड्या

दापोरा, जि. बऱ्हाणपूर

चि. बाळास,


तुझ्या भूमिका-खेळाची वही मिळाली. विषय तू फार चांगला निवडलास. बहादूरखान फारुकी असीरगडावर दारं लावून बसलेला, खाली अकबराची फौज, आणि शेवटी 17 जानेवारी 1601 ला गड पडला. तो तोफांनी पडला, वर पसरलेल्या रोगराईने पडला की फितुरीच्या सोन्याने, यावर इतिहासकार अजून भांडतात. खेळ रचणाऱ्याला याहून चांगली जागा कुठली मिळणार? शेवट कसा होईल हे खरंच खेळाडूंच्या हातात देता येतं.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. कौशल्यांचा तोल साधावा म्हणून तू सगळ्यांना एकच भाव लावलास, दर पायरीला दोन गुण. कागदावर हे न्यायाचं दिसतं, पण खेळायला बसलं की टिकत नाही. एखाद्या कौशल्याला खेळात किती वेळा हाक येते आणि हाक आली की त्याने गोष्ट किती पुढे सरकते, त्यावर त्याचं मोल ठरतं. तुझ्या वहीत 'डोंगर चढणे', 'तट चढणे' आणि 'दोर बांधणे' ही तीन वेगळी कौशल्यं आहेत. 'समजूत घालणे' मात्र एकच, आणि त्यात सौदा, थाप, दरबारी अदब, फितुरी सगळं मावतं. म्हणजे तुझ्या पाच पात्रांपैकी वाटाड्याने सहा गुण खर्चून तटाला हात लावायचा आणि दुभाष्याने दोन गुणांत पहारेकऱ्यापासून किल्लेदारापर्यंत सगळ्यांना वळवायचं. मग बाकीचे चौघे संध्याकाळभर त्याचं बोलणं ऐकत बसणार. तोल बिघडतो तो इथे.

या खड्ड्यात मोठमोठे पडले आहेत. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या भूमिका-खेळाच्या 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत ऐकणं, पाहणं आणि शोधणं या तिघांना वेगवेगळे गुण द्यावे लागत. लपणं वेगळं आणि चाहूल न देता चालणं वेगळं. 2008 मध्ये त्यांनी हे तुकडे जोडून टाकले आणि 2014 च्या आवृत्तीत 18 कौशल्यांवर आणून थांबवलं. तू 18 वरच थांब असं मी म्हणत नाही. तुझी 42 राहिली तरी चालतील, पण तुकडे एका मापाचे हवेत. चढण्याची तिन्ही एकत्र कर आणि 'समजूत घालणे' फोड.

कसं फोडायचं, याचं उत्तर आपल्या भागातच आहे. घरात मराठी, कचेरीत हिंदी, बाजारात निमाडी कानावर, शहरात उर्दू. कोणत्या माणसाशी कोणत्या बोलीत बोलता येतं, यावर इथे कामं होतात आणि अडतात. तुझ्या खेळातही समजूत घालणं तसंच वाटून दे: दरबाराशी, बाजाराशी, गावपाड्याशी. फारसी येणारा दुभाष्या मोगली छावणीत राजा, पण सातपुड्याच्या पाड्यावर त्याच्याशी कोणी बोलायला तयार नाही. तिथे वाटाड्याने पुढे व्हायचं. गोलंदाजाला बाजार दे, कारण दारू आणि शिसं त्यालाच खरेदी करावं लागतं. एवढ्याने तुझे निम्मे प्रश्न सुटतील.

एक सावधगिरी मात्र बाळग. कौशल्याला नाव दिलं की ते नसलेल्यांसाठी दार बंद होतं. 1974 च्या मूळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये अशी यादीच नव्हती. 1975 च्या पुरवणीत चोर हे पात्र आलं, टक्केवारीतली कौशल्यं घेऊन, आणि भिंत चढणं हे चोराचंच काम असं लोक धरून चालू लागले. तुझ्या यादीत 'आग पेटवणे' आहे. वेढ्यात अडकलेल्या माणसाला चूल पेटवता येत नाही, असं कसं होईल? जे कोणालाही जमावं ते यादीतून काढून टाक.

आता फाशाचं बघू. वीस बाजूंच्या फाशात एक पायरी वाढली की यशाची शक्यता पाच टक्क्यांनी वाढते, नवख्याची तेवढीच आणि तरबेजाचीही तेवढीच. मला वाटतं तू तो सोडावास आणि पच्चीशीच्या कवड्या घ्याव्यास. जेवढं कौशल्य तेवढ्या कवड्या टाकायच्या आणि उताण्या मोजायच्या. कवडी निम्म्या वेळा उताणी पडते असं धर. साध्या कामाला तीन उताण्या लागत असतील, तर चार कवड्यांचा माणूस शंभरात 31 वेळा जिंकतो, पाचांचा 50, सहांचा 66, सातांचा 77 आणि आठांचा 86. बघ, प्रत्येक नवी कवडी आधीच्यापेक्षा कमी देते. म्हणून एकाच कौशल्यात सगळे गुण ओतणाऱ्याला साध्या कामात फारसा फायदा होत नाही, त्याला हात आखडावाच लागतो. पण अवघड कामाला पाच उताण्या माग, की चित्र पालटतं: पाच कवड्यांना शंभरात 3, सहांना 11, सातांना 23, आठांना 36. तिथे नवख्याचं काम नाही, तरबेजाची किंमत तिथे दिसते. सपाट भाव ठेवूनही हे साधतं. हे गणित मला फार देखणं वाटतं, म्हणून इतकं लिहिलं.

खरी कवडी निम्मी-निम्मी पडेलच असं नाही. तिच्या आकारावर ते अवलंबून असतं. तुझ्याकडच्या कवड्या दोनशे वेळा टाकून नोंद ठेव आणि मग वरचे आकडे दुरुस्त कर.

सगळ्यांनी मिळून करायच्या कामांचा हिशेब तू केलेलाच नाहीस. असीरगडाच्या खालच्या भागातल्या, मलयगडाच्या पहाऱ्याजवळून पाच जणांना सरकायचं आहे, प्रत्येकाकडे सहा कवड्या आहेत, आणि एकही चुकला तर सगळे पकडले जातात असा तुझा नियम. प्रत्येकाची शक्यता 66 असली, तरी पाचही जण सुटण्याची शक्यता शंभरात 12 उरते. उलट तटातली चोरवाट शोधताना चार कवड्यांचे पाच जण एकेक दान टाकतात, आणि कोणा एकाला सापडली की झालं. तिथे एकट्याची 31 टक्के शक्यता पाचांची मिळून 85 होते. म्हणजे लपून जाणं जवळपास अशक्य आणि शोधणं जवळपास फुकट! पहिल्याला निम्म्यांनी जिंकलं तर पुरे असा नियम लाव. दुसऱ्याला एकानेच दान टाकायचं आणि मदतनीसाने एक कवडी वाढवायची.

आणि ती चोरवाट सापडल्याशिवाय गोष्ट पुढे जात नसेल, तर तिच्यासाठी दान टाकायला लावूच नकोस. रॉबिन लॉज यांच्या 'गमशू' या खेळपद्धतीत योग्य कौशल्य असलेल्याला महत्त्वाचा माग आपोआप सापडतो. दान वाया जाऊन पाच माणसं तटाखाली बसून राहिली, तर खेळ चालवणारा सूत्रधार तरी काय करणार? कवड्या टाकायच्या त्या किती वेळ लागला आणि कोणाला चाहूल लागली यासाठी.

प्रगतीबद्दल थोडक्यात. वापरलं तेच कौशल्य वाढावं, ही तुझी कल्पना 1978 च्या 'रूनक्वेस्ट' या खेळात आहे. तिथे वाढीसाठी सध्याच्या कौशल्याहून वरचा आकडा पडावा लागतो, म्हणून तरबेज माणूस सावकाश वाढतो. तोट्याची बाजू अशी की वापरलेल्या कौशल्यापुढे खूण होते, आणि त्या खुणा मिळाव्यात म्हणून लोक कारण नसताना सगळी शस्त्रं चालवून बघतात. तू एका बैठकीत दोनच खुणा दे.

वैदूच्या पात्राकडे अजून मी आलेच नाही, आणि मला त्याचीच काळजी आहे. त्याला हाक येते ती कोणी जखमी झालं तरच, म्हणजे इतरांचं चुकल्यावर. गडावरची रोगराई हीच त्याची जागा. पाणी कुठलं दूषित, कोण आजार लपवतोय, कोणत्या बुरुजावर माणसं कमी पडली आहेत, हे त्याला नाडी बघून कळू दे. ती बातमी तोफेइतकी मोलाची आहे. त्यासाठी तू भूमिगत पाण्याचा भाग म्हणून कुंडी भंडारा घातलास, तो मात्र काढ. डोंगराकडचं पाणी कुंड्याकुंड्यांतून बऱ्हाणपूर शहराकडे उताराने आणणारं ते काम खानखाना रहीमच्या वेळचं, 1615 च्या सुमाराचं. तुझ्या वेढ्यात ते अजून खणलेलंच नाही.

पुढच्या बैठकीत एक कोरा कागद जवळ ठेव. कोणत्या कौशल्याला हाक आली आणि त्याने काय घडलं, एवढंच टिपत जा. मत विचारू नकोस. तीन बैठकांत एकदाही न आलेलं कौशल्य एक तर काढ, नाहीतर त्याच्यासाठी प्रसंग लिही. भाव बदलायचे ते त्यानंतर. दिवाळीला येशील तेव्हा तो कागद आणि कवड्या दोन्ही आण, इथली पोरं खेळायला तयारच आहेत.

ताईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी