डिस्प्ले जोडला, आकडे कुठे?

प्रश्न : घरच्या छोट्या सीएनसी राउटरला जीआरबीएल घातलेला आर्डुइनो उनो आहे. त्याला ईएसपी३२चा डिस्प्ले जोडला, पण आकडे उमटत नाहीत. – एक वाचक, नवापूर (पालघर)

उत्तर : नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कॉग्सरुड यांनी २००९ मध्ये सुरू केलेले जीआरबीएल उनोच्या ३२ किलोबाइट मेमरीत इतके दाटीने बसते, की पडदा चालवायला जागाच उरत नाही. म्हणून डिस्प्लेनेच '?' पाठवून स्थिती विचारायची. वेग दोन्हीकडे ११५२०० बॉड.

एकाचा टीएक्स दुसऱ्याच्या आरएक्सला, ग्राउंड मात्र सामाईक. ग्राउंडची वायर हमखास राहून जाते!

उनो ५ व्होल्टचा, ईएसपी३२ ३.३ व्होल्टचा. उनोच्या टीएक्समधून येणारा सिग्नल १ किलोओहममधून ईएसपी३२ला द्यावा आणि तिथूनच २ किलोओहम ग्राउंडला जोडावा. नाहीतर ईएसपी३२ची पिन जळू शकते. तारापूर एमआयडीसीतल्या कुणी जुन्या यंत्राचा आरएस-२३२ अडॅप्टर देऊ केला, तर तो थेट लावू नये. त्याचे व्होल्टेज उणे बाजूलाही जाते. मध्ये मॅक्स३२३२ हवाच.

उनोच्या ० आणि १ या पिना यूएसबीलाही जोडलेल्या असतात. त्यामुळे डिस्प्ले तपासताना संगणकाची केबल काढून ५ व्होल्ट वेगळे द्यावेत. नवापूरच्या खाऱ्या हवेत कनेक्टर गंजतात, तेही पाहावेत.