विजेची पारख

तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत एका लांब मेजावर दोन लाकडी फळ्या मांडलेल्या असतात. प्रत्येक फळीवर एक बटण आणि एक दिवा. दोन्ही फळ्या दिसावयास अगदी सारख्या. अध्यापक पहिले बटण बंद करतात, दिवा विझतो. दुसरे बंद करतात, तोही विझतो. मग ते विचारतात, "दिवा बदलावयाचा आहे. कोणत्या फळीला हात लावाल?"

नुकतीच दहावी उत्तीर्ण होऊन आलेली मुले हसतात. दोन्ही दिवे विझले आहेत. मग त्यात विचारावयाचे काय? अध्यापक टेस्टरचे टोक पहिल्या दिव्याच्या होल्डरमध्ये टेकवतात. काहीच होत नाही. दुसऱ्या होल्डरमध्ये टेकवतात, तोच टेस्टरच्या पोटातील इवलासा दिवा लाल उजळतो. मुलांचे हसू मावळते.

घरात येणाऱ्या दोन तारांपैकी एकीला फेज व दुसरीला न्यूट्रल म्हणतात. २३० व्होल्टांचा दाब असतो तो फेजच्या तारेत. म्हणून बटण नेहमी फेजच्या तारेत बसवावे लागते. दुसऱ्या फळीवर अध्यापकांनी ते मुद्दाम न्यूट्रलच्या तारेत बसविलेले असते. प्रवाहाची परतीची वाट तुटली, म्हणून दिवा विझला. परंतु वीज होल्डरपर्यंत येऊन उभीच होती. तेथे ओला हात लागता, तर त्या हातातून तिला जमिनीकडे जाण्याची वाट मिळाली असती. जुन्या पद्धतीच्या १०० वॅटच्या दिव्यातून सुमारे ४३० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. त्याच्या आठव्या हिश्श्याएवढा प्रवाह एकदोन सेकंद छातीतून गेला, तरी हृदयाची लय बिघडून माणूस दगावू शकतो.

विजेचा तंत्रज्ञ होण्याचे शिक्षण असे सुरू होते. दहावीनंतर तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. महाराष्ट्रात तांत्रिक शिक्षणाची परंपरा बरीच जुनी आहे. मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था स्थापन झाली. १९९७ पासून ती वीरमाता जिजाबाईंच्या नावाने ओळखली जाते. त्या काळी वाफेवर चालणाऱ्या कापडगिरण्यांना यंत्रे जाणणारी माणसे हवी होती. पुढे टाटांनी लोणावळ्याकडील तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीला उतरवून १९१५ साली वीज निर्माण केली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. मग वीज जाणणारी माणसेही हवी झाली.

पहिल्या वर्षी गणित, विज्ञान व आरेखन असते, आणि कार्यशाळेत लोखंडाचा तुकडा तासन्‌तास कानशीने घासावा लागतो. याचा विजेशी काय संबंध, असे मुलांना वाटते. हात दुखू लागल्यावर तसे वाटणे अगदी साहजिक आहे. पण हाताला नेमकेपणा आला नाही, तर तारेचा स्क्रूही नीट आवळला जात नाही. सैल जोड तापतो, तारेवरचे वेष्टन करपते, आणि एखाद्या रात्री तेथूनच आग लागते.

यानंतर जिन्यातील दिवा येतो. खालच्या बटणाने लावावयाचा आणि वरच्या बटणाने विझवावयाचा. कागदावर ही जोडणी चार रेघांची असते. फळीवर ती पहिल्याच प्रयत्नात क्वचितच जमते.

दुसऱ्या वर्षी मोटार हाती येते. विहिरीवरच्या मोठ्या पंपाच्या मोटारीला तीन फेजच्या तीन तारा येतात. त्यांतील कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केली, की मोटार उलट दिशेने फिरू लागते. वादळात तुटलेल्या तारा पुन्हा जोडताना अशी चूक झाली, तर शिवारातील सारे पंप उलटे फिरतात. मोटार चालू असते, आवाजही येत असतो. पाणी मात्र पुरेसे चढत नाही. शेतकरी मोटारीला दोष देतो. तंत्रज्ञ आधी फेजचा क्रम तपासतो.

मेजावरच्या त्या दोन फळ्या अखेरच्या वर्षी पुन्हा आठवतात. पण आता त्यांच्या जागी ११,००० व्होल्टांची वाहिनी असते. तिच्यावर काम करावयाचे झाल्यास उपकेंद्रातून वीज बंद करवून तसे लेखी परमिट घ्यावे लागते. बंद केलेल्या स्विचला कुलूप घालतात व 'काम चालू आहे' अशी पाटी लावतात. तरीही कोणी तारेला हात लावीत नाही. आधी दाबदर्शक यंत्र चालू वाहिनीवर धरून ते ठीक असल्याची खात्री करतात. मग ते कामाच्या तारेवर धरतात. त्यानेही 'वीज नाही' असे दाखविले, म्हणजे लांब दांड्यांनी तिन्ही तारा जमिनीशी जोडतात.

एवढे सारे कशासाठी? गावात एखाद्याने वीज गेली म्हणून जनित्र चालू केले आणि घराची तार बाहेरच्या वाहिनीपासून तोडली नाही, तर ती वीज उलट्या वाटेने रोहित्रात शिरते. रोहित्र ११,००० व्होल्टांचा दाब उतरवून घरोघर पोहोचविते. उलट बाजूने वीज आली, तर तेच दाब चढवून वर पाठविते. उपकेंद्रात वीज बंद, परमिट हातात, आणि खांबावरची तार मात्र जिवंत! तारा जमिनीशी जोडलेल्या असल्या, तर अशी चोरपावलांनी आलेली वीज जमिनीत निघून जाते आणि खांबावरचा माणूस वाचतो.

काम संपल्यावर खाली उतरलेली माणसे मोजली जातात. सकाळी चौघे वर गेले होते. चौघे खाली आले. मग दांडे काढले जातात, कुलूप उघडले जाते, परमिट परत केले जाते, आणि तेव्हा कोठे गावातले दिवे लागतात.