धबधबा बघायला जाताना

घाटकोपरला आपल्याकडची कितीतरी माणसे कामाला आहेत. कुणाचा भाऊ, कुणाचा लेक, कुणाचा मेव्हणा. आषाढात आपण त्यांच्याकडे पाहुणे म्हणून गेलो, की शनिवारी रात्री बेत ठरतो, "चला, उद्या धबधबा बघून येऊ." सकाळी घाटकोपरला कर्जतची लोकल धरायची आणि भिवपुरी रोड स्टेशनला उतरायचे. हिरवागार डोंगर, वरून कोसळणारे पांढरे पाणी. बघून जीव सुखावतो. जरूर जावे. पण त्याआधी पाण्याची रीत समजून घेऊ या.

आपण गावची माणसे. आपल्याला वाटते, पाण्याचे आपल्याला काय भय? पण आपल्या ओढ्यात डोह कुठे, खडक कुठे, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. परक्या ओढ्याचे तसे नाही. तिथे आपण शहरातल्या पोरांइतकेच नवखे.

धबधब्याचे पाणी येते वरच्या डोंगरातून. खाली लख्ख ऊन पडलेले असते, आणि वर माथ्यावर पाऊस कोसळत असतो. थोड्या वेळाने तो पाऊस लोंढा होऊन खाली येतो. इंदूरजवळ पातालपाणी नावाचा धबधबा आहे. तिथे १७ जुलै २०११ रोजी असाच लोंढा आला. एका घरची पाच माणसे पाण्यात अडकली, त्यांतली तिघे दगावली.

आपल्या लोणावळ्याची गोष्ट तर अलीकडची. तिथे भुशी धरण आहे. वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून रेल्वेने ते पूर्वी बांधले. त्या धरणाच्या वरच्या अंगाला एक धबधबा आहे. ३० जून २०२४, रविवार. सकाळपासून पाऊस होता. एक कुटुंब ओढ्याच्या मधोमध खडकावर उभे होते. पाणी वाढले. ना पुढे जाता येईना, ना मागे. सगळी एकमेकांना घट्ट धरून उभी राहिली. पण पाण्याच्या रेट्यापुढे ती पकड किती टिकणार? एक बाई आणि चार लेकरे गेली.

पाण्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा रेटा चौपट होतो. म्हणून गुडघाभर पाणीसुद्धा धडधाकट गड्याला पाडते. त्यात खाली शेवाळ असते. एकदा पाय निसटला, की उठू देत नाही.

मग ओळखायचे कसे? पाणी सूचना देते बघा. स्वच्छ पाणी अचानक गढूळ होते. पाला, काटक्या वाहून येऊ लागतात. आवाज बदलतो, घुमू लागतो. यांतले एक जरी दिसले, तरी चपला, डबे, पिशव्या तिथेच टाकाव्या आणि काठावर चढावे. ओढ्याच्या कडेने खाली पळू नये. उंच जागी जावे. पलीकडच्या काठावर अडकलात तर पाणी उतरेपर्यंत तिथेच बसावे. लोकल चुकली तर दुसरी मिळते.

धारेच्या अगदी खाली उभे राहायची पोरांना भारी हौस. पण पाण्याबरोबर वरून दगडही येतात. आणि खालच्या डोहात उडी मारणे म्हणजे डोळे मिटून विहिरीत उतरणे. फेसाळ पाण्यात अंग नीट तरंगत नाही. दारू पिऊन आलेल्याला तर पाण्याजवळ जाऊच देऊ नये, मग तो घरचा जावई का असेना.

डोंगराच्या उभ्या कडेखाली जेवायला बसू नये. भिजलेली माती केव्हा सुटेल याचा नेम नाही. हे घाटकोपरच्या लोकांना वेगळे सांगायला नको. १२ जुलै २००० रोजी तिथल्या आझाद नगरात टेकडीची दरड घरांवर आली आणि साठांहून जास्त माणसे गेली.

आता तुम्हाला वाचता येते. तेव्हा वाटेवरची पाटी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. 'प्रवेश बंद', 'पाणी खोल आहे', 'धोका'. अक्षरे पुसट असली तर जवळ जाऊन वाचा, बरोबरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा. पावसाळ्यात सरकार पुष्कळदा धबधब्यांवर बंदी घालते. खारघरच्या पांडवकड्यावर वन खात्याची बंदी होती. तरी ऑगस्ट २०१९ मध्ये तिथे कॉलेजच्या चार मुली वाहून गेल्या. पाटी नसेल तर तिथल्या गावकऱ्याला विचारावे, "दादा, आज पाणी कसं आहे?" तो "नको" म्हणाला तर ऐकावे. त्या ओढ्याला त्याच्याइतके कुणी ओळखत नाही.

एवढे करूनही कुणी वाहू लागला, तर त्याच्यामागे उडी टाकू नका. एकाचे दोन होतात. दोर, लांब काठी, गाठी मारलेल्या साड्या, झाकण लावलेला रिकामा डबा, जे हाताशी असेल ते त्याच्याकडे टाका. टाकताना स्वतः आडवे पडा किंवा झाडाला धरा. दुसऱ्याने लगेच ११२ नंबर फिरवावा. मदत तिथून मिळते. रुग्णवाहिकेचा नंबर १०८. डोंगरात फोनला पुष्कळदा रेंज नसते, म्हणून एकाला गावाकडे पळवा. आणि निघतानाच घरी सांगून ठेवा, कुठे चाललो आणि कोणत्या गाडीने परत येणार.